भगवंतराव ‘छान’ म्हणतात तेव्हा

आमच्या गल्लीत भगवंतरावांच्या तोंडून ‘छान’ हा शब्द निघाला की माणसं धास्तावतात. समोरच्या खुशालरावांनी दिवाळीत नवी गाडी आणली. हार घातला, लिंबू ठेवलं, आणि भगवंतरावांना हाताला धरून दाखवायला नेलं. भगवंतरावांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर दोन थापट्या दिल्या आणि म्हणाले, "छान आहे." खुशालराव पेढ्याचा डबा हातात घेऊन तसेच उभे राहिले. संक्रांतीच्या आत त्यांनी ती गाडी मेव्हण्याच्या गळ्यात मारली. मेव्हणा म्हणतो गाडी झकास चालते. पण खुशालरावांची झोप गेली ती गेलीच.

उलट आमचं घर बांधून झालं तेव्हा भगवंतराव सकाळी जे आले ते जेवणाच्या वेळेपर्यंत नावंच ठेवत होते. जिना उभट आहे, ओटा ठेंगणा आहे, देवघर हे देवघर नाही, फोनची पेटी वाटते. माझी बायको साधना आत रडकुंडीला आली. तिनं चहासुद्धा टाकला नाही. मी मात्र पाहुणेरावळे सोडून त्यांच्या मागे मागे फिरत होतो आणि मनातल्या मनात फुगत होतो. कारण या माणसाचा हिशोब मला ठाऊक होता.

भगवंतराव वरूडचे. उभी हयात संत्र्यांचे बगीचे घेण्यात गेली. म्हणजे झाडावरचा माल झाडावरच विकत घ्यायचा, तोडायचा आणि ट्रकात भरून रवाना करायचा. आता मुलाकडे अमरावतीला राहतात. पांढरं धोतर, टोपी आणि खांद्यावर दुपट्टा. तरुणपणी मी हौसेनं त्यांच्याबरोबर बगीचे पाहत हिंडलो आहे, तेव्हा त्यांनी मला धंद्याचा कायदा सांगितला होता. जो माल घ्यायचा त्याची खोड काढायची. साल जाड आहे, फळ पोकळ आहे, झाडाले पाण्याचा ताण बसला नाही. आणि जो माल घ्यायचा नाही त्याची तोंडभरून तारीफ करायची, पाणी प्यायचं आणि निघायचं.

"असं काहून?" मी विचारलं होतं.

"घ्यायचंच नाही तं नावं ठेवून त्याचं मन कायले दुखवायचं?" भगवंतराव म्हणाले होते.

कायद्याचं दुसरं कलमही आहे. तुम्ही खोड काढली की बगीचेवाल्यानं भांडलं पाहिजे. ‘साल जाड? तुमचे दात पडले असतील,’ असं काहीतरी त्यानं तोंडावर फेकलं की समजायचं, माल त्याचा आहे आणि मालात दम आहे. जो ‘हो हो, बरोबर आहे तुमचं’ म्हणून मान डोलावतो, त्याच्या बगीच्यातून भगवंतराव चप्पल घालून बाहेर.

धंदा सुटला, पण जीभ तीच राहिली. घरी पार्वताकाकूंनी तिच्याशी कधीच जमवून घेतलंय. ‘वांग्यात मीठ जास्त झालं’ असं ते म्हणाले की काकू आणखी एक वांगं ताटात टाकतात. ‘छान झालं’ म्हणाले की वांगं गाईला. आणि काकू पटाईत का नसतील? त्यांचं लग्नच या कायद्यानं जमलेलं आहे. अंजनगाव सुर्जीला मुलगी पाहायला गेले तेव्हा हा नवरदेव भर बैठकीत म्हणाला, "रंग सावळा आहे. आवाज मोठा आहे. चिवडा खारट आहे. अन् पोरगी माणसाकडे डोळे रोखून पाह्यते." मुलीचे वडील उठून उभे राहिले. मामा चपला शोधायला लागले. तेवढ्यात दाराआडून तोच मोठा आवाज आला, "खारट होता तं दोनदा कायले घेतला?"

झालं. लग्न ठरलं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे त्यांच्या नातीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. वर्षाली अकोल्याला नोकरी करते आणि नवरदेवही अकोल्याचाच मिळाला. मुलांनी ठरवलं की एक भलामोठा केक कापून एकमेकांच्या तोंडाला फासण्यापेक्षा प्रत्येक पाहुण्याच्या हातात एकेक कपकेक द्यायचा. चहाच्या कपाएवढा, वर क्रीम, जो तो आपापला खाईल. कपकेक कोणाचे, हेही वर्षालीच्या मनात पक्कं होतं. कॉलेजातली तिची जिवाची मैत्रीण रुबीना.

रुबीना म्हणजे वलगाव रोडवरच्या रहमतुल्लाभाईंची मुलगी. त्यांची बेकरी आमच्या आधीच्या पिढीपासून आहे. पाव, खारी, टोस्ट; आणि दिवाळीला आपण घरून मैदा, तूप, साखर घेऊन जायचं आणि नानकटाई भाजून आणायची, ती यांच्याच भट्टीत. रुबीना नागपूरला केकचं शिकून आली आणि दसऱ्याला बापाकडून बेकरीची समोरची बाजू मागून घेतली. भिंती फिक्या गुलाबी केल्या, काचेचं शोकेस मांडलं, पाटीवर ‘बिनअंड्याचे’ हा शब्द ‘कपकेक’पेक्षा मोठा काढला. टोस्टवाल्यांनी आता मागच्या बोळीतून यायचं.

इथंच घोडं अडलं. समोर कॉलेजच्या पोरी येत, एक कपकेक चौघीत खात आणि त्याचे फोटो मात्र चाळीस काढत. मागे टोस्टचं जुनं गिऱ्हाईक बोळीतल्या चिखलाला शिव्या देत दुसरीकडे वळायला लागलं. रहमतुल्लाभाई स्वभावानं मऊ, आवाजही पावासारखा. त्यांनी मुलीला एवढंच सांगितलं की साक्षगंधाची ऑर्डर मिळाली तर समोरचं दुकान तुझं, मी पुन्हा बोलणार नाही. नाही मिळाली तर पुढच्या जुम्म्यापासून समोर टोस्ट आणि तू माझ्याबरोबर आत.

आणि भगवंतरावांच्या घरात कार्याचा गोड पदार्थ त्यांच्या जिभेवरून गेल्याशिवाय ठरत नाही.

वर्षालीचा अकोल्याहून मला फोन आला. "किशोरकाका, आईबाबा दोघंही कामात आहेत. तुमीच आबाले रुबीनाकडे घेऊन जा."

"नेतो. पण मी तिले आधी सांगून ठेवतो ना, आबा छान म्हणाले तं समजून घे म्हणून."

"बिलकुल नाही," ती म्हणाली. "ताईच्या लग्नात जिलेबीवाल्याले सांगून ठेवलं होतं. तो खोटंखोटं भांडला. आबाले ताबडतोब समजलं अन् जिलेबीच रद्द झाली. तुमी तोंड उघडलं तं मी तुमाले साक्षगंधाले बोलावणार नाही."

माझ्यासारख्या माणसाला तोंड उघडू नको म्हणणं म्हणजे नळाला गळू नको म्हणण्यासारखं आहे. पण साक्षगंधाचं जेवण डोळ्यापुढे होतं. कबूल केलं.

रविवारी दुपारी स्कूटरवर मागे भगवंतरावांना बसवून निघालो. राजापेठेपासून त्यांनी सुरू केलं. ब्रेक कुईकुई करते, सीट उतरती आहे, आरसा कोणासाठी लावला, यात मायं तोंड दिसते. मी खूश. स्कूटर त्यांच्या पसंतीची ठरली होती.

रुबीना दारातच उभी होती. डोक्यावर ओढणी नीट बांधलेली, वर पांढरा ॲप्रन, आणि चेहरा बारावीच्या निकालाच्या दिवशी असतो तसा. "या आबाजी, या किशोरकाका." खुर्च्या पुसल्या होत्या, त्या तिनं पुन्हा पुसल्या. मागच्या दारातून भट्टीची धग येत होती आणि त्या दाराच्या चौकटीत रहमतुल्लाभाई मैद्याच्या हातांनी उभे होते. त्यांनी दुरूनच सलाम केला आणि मुलीला डोळ्यांनी काहीतरी बजावलं. काय बजावलं ते मला पाठ आहे, सगळ्या वलगाव रोडला पाठ आहे. गिऱ्हाइकाले उलटून बोलायचं नाही. पाव जळका म्हटला तर माफी मागायची, कच्चा म्हटला तर माफी मागायची. बेकरीत ज्याला माल आवडत नाही तो खोड काढत बसत नाही, तो उद्यापासून येत नाही. म्हणून जो बोलतो त्याच्यापुढे हात जोडायचे. हे त्यांच्या धंद्याचं शास्त्र.

म्हणजे एका शास्त्रानं भांडायला पाहिजे आणि दुसऱ्या शास्त्रानं भांडायचं नाही. आणि दोन्ही शास्त्रं जाणणारा एकच विद्वान, तो तोंडाला कुलूप लावून खुर्चीत बसलेला.

पहिलं चॉकलेटचं आलं. भगवंतरावांनी कागद सोलला, एक घास घेतला, उरलेलं माझ्याकडे सरकवलं. मला तर ते इतकं आवडलं की मी कागदही चाटला.

"छान आहे," भगवंतराव म्हणाले.

रुबीनाचा चेहरा उजळला. तिनं मागे वळून बापाकडे पाहिलं. बापानं आकाशाकडे पाहिलं.

"आबाजी, हे रेड व्हेल्वेट."

"लाल आहे."

"हो आबाजी."

"मस्त लाल आहे. छान." उरलेलं माझ्याकडे.

बटरस्कॉचला ‘उत्तम’ मिळालं. गुलकंदाच्या कपकेकला तर त्यांनी मान डोलावून म्हटलं, "लोकं बोटं चाटत राहतीन." पोरगी हरखून गेली होती. तिला काय माहीत, चार बगीचे पाहून चारही नापास झाले होते. मी मात्र सगळी उष्टी संपवून कॉफीच्या कपकेकपर्यंत पोचलो होतो आणि घामाघूम झालो होतो. कॉफीचा घास भगवंतरावांनी बराच वेळ तोंडात फिरवला, गिळला आणि म्हणाले, "वा. लय छान. पोरी, पाणी देतं का जरासं?"

पाणी. म्हणजे निघायची तयारी. टोपी सारखी केली, दुपट्टा झटकला. रुबीना पाण्याचा ग्लास घेऊन आली, तिचे डोळे भरून आलेले. "आबाजी, मग कोणतं लिहू? का सगळ्यातले थोडे थोडे?"

"पाहू ना," भगवंतराव प्रेमानं म्हणाले. "सांगतो घरी विचारून."

मी शपथ मोडली नाही. फक्त शोकेसच्या अगदी खालच्या कप्प्याकडे माझं लक्ष गेलं. कोपऱ्यात एका ताटलीत तीन-चार कपकेक होते, फिकट केशरी, वर सालीचं बारीक कातरण.

"ते खाली काय लपवून ठेवलंस गं?"

"ते नको काका," रुबीना म्हणाली. "संत्र्याचं आहे. लोकं घेत नाहीत. कडसर लागते म्हणतात. अब्बूही म्हणतात बंद कर."

‘संत्रा’ म्हटल्यावर भगवंतरावांचा ग्लास ओठांपाशीच थांबला. "आण," ते म्हणाले.

हे त्यांनी सोलून तोंडात टाकलं नाही. आधी तळहातावर ठेवून वजन घेतलं. मग नाकाशी नेलं. मग दोन्ही अंगठ्यांनी मधोमध फोडलं, संत्रं फोडतात तसं, आणि आत पाहिलं. एक तुकडा खाल्ला आणि डोळे मिटले. दुसरा तुकडा मी हात पुढे केला तरी मला दिला नाही.

"कडू आहे," ते म्हणाले.

मी खुर्चीत ताठ झालो. देव पावला होता.

रुबीनाचा चेहरा मात्र विझला. "हो आबाजी. सालीमुळे. कमी करते."

भगवंतरावांच्या कपाळाला आठी पडली. ते थांबले. थोडा वेळ दिला बिचारीला. मग पुन्हा म्हणाले, "दिसायले फिकं आहे."

"रंग टाकते आबाजी."

"मलाई लय थापली वर."

"काढून टाकते."

"लहान आहे."

"मोठं करते आबाजी, सांगाल तेवढं."

दर ‘हो’ला म्हातारा उदास होत चालला होता. एकदा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मालकाशी बोलायला आले आणि राखणदाराशी गाठ पडली. मी डोळ्यांनी रुबीनाला खुणावलं, भुवया उडवल्या, मूठ आवळून दाखवली. ती म्हणाली, "काका, ठसका लागला का? पाणी देऊ?"

भगवंतराव उठले. "चाल किशोर." दाराकडे जाता जाता माझ्या कानाशी म्हणाले, "माल तिचा नाही वाटते. बाहेरून आणून विकत असन. ज्याचा माल असते तो असा मुंडी नाही हालवत."

उंबऱ्यापर्यंत गेलो. पार वलगाव रोडच्या उन्हात एक पाय पडला. तिथं थांबून त्यांनी मिशीवरचं क्रीम दुपट्ट्यानं पुसलं आणि सहज, बोलायचं म्हणून बोलल्यासारखं म्हणाले, "अन् वास बाटलीतला आहे."

मागे काहीतरी धाडकन आदळलं. वळून पाहतो तर रुबीनानं संत्र्यांची टोपलीच काउंटरवर आणून ठेवली होती.

"काय म्हटलं आबाजी? बाटलीतला?"

भगवंतराव वळले.

"इकडे या. बसा तुमी. हे पाहा." तिनं किसणी पुढे केली आणि दोन्ही हात पालथे धरले. बोटांची पेरं सोललेली. "सकाळपासून साल किसून राहिली मी. बाटलीतला वास टोपण उघडलं की येते अन् टोपण लावलं की जाते. हा तुमच्या मिशीत बसला आहे, उद्या आंघोळ केली तरी निघणार नाही."

"रुबीना," मागून रहमतुल्लाभाईंचा मऊ आवाज आला.

"थांबा अब्बू. कडू म्हणे. संत्र्याची साल कडू नाही राहणार तं काय बर्फीसारखी राहीन? ज्याले नुसतं गोड पाहिजे त्यानं साखरेचा डबा घेऊन बसावं. अन् फिकं आहे म्हणता, रंग टाकला असता तं तुमीच म्हटलं असतं रंग टाकला म्हणून. असली रंग आहे तो, संत्र्याचा. मलाई जास्त वाटली तं मिशी लहान ठेवा."

मी भिंतीकडे तोंड केलं. हसू दाबायला दुसरी जागा नव्हती.

भगवंतराव परत आत आले. खुर्चीत बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. इतका वेळ नसलेली चमक डोळ्यात आली होती. "लहान आहे ते राह्यलंच," त्यांनी आठवण करून दिली.

"लहान आहे तं दोन खा."

"संत्र मोर्शीकडचं आहे."

"वरूडचं आहे."

"वरूडचं नाही, मोर्शीचं आहे. मले नको सांगू. माया जन्म गेला त्यात."

"तुमचा जन्म गेला असन, पण हे वरूडचंच आहे. गाडीवाला पुंजाराम माया ओळखीचा आहे. रोज देते."

"पुंजाराम? आमच्या वरूडचा?" भगवंतरावांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, पुन्हा हुंगला. चूक झाल्याचं त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण विषय बदलला. "इथं हे कातरण जाड कापलं."

"जाड नाही कापलं, तुमचा चष्मा घरी राह्यला."

एव्हाना रहमतुल्लाभाईंना राहवेना. ते मैद्याचे हात तसेच घेऊन धावत पुढे आले. "या अल्ला, रुबीना, चूप. भाऊ, माफी द्या. बच्ची आहे, दिवसभर उभी आहे, डोकं फिरलं तिचं. नका घेऊ तुमी ऑर्डर, पण नाराज होऊन नका जाऊ."

"रहमतुल्लाभाई, तुमी मधात नका पडू," भगवंतराव चिडून म्हणाले. "इतक्या मुश्किलीनं सौदा रंगात आला."

रहमतुल्लाभाईंना वाटलं टोमणा आहे. त्यांचे डोळे पाणावले.

"भाव कोण करते? तुमी का पोरगी?"

"आबाजी, भाव तं कार्डावर लिहिलाय," रुबीनानं शोकेसवरच्या छापील कार्डाकडे बोट दाखवलं. ती अजून धापा टाकत होती आणि काय चाललंय हे तिला कळत नव्हतं.

भगवंतरावांनी कार्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लिहिलेला भाव हा त्यांच्या लेखी भावच नव्हे. आणि नातीसारख्या पोरीचा हात धरून भाव करणं हे त्यांच्या पिढीत बसत नाही. तेव्हा त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, रहमतुल्लाभाईंच्या उजव्या हातावर टाकला आणि त्याखाली आपला हात घातला.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. कापडाखाली घेणाऱ्यानं विकणाऱ्याची बोटं धरायची. किती धरली, कशी दाबली, त्यावर भाव. विकणाऱ्याला कमी वाटला तर त्यानं उलट दाबून वाढवायचा, पटला की हात काढून घ्यायचा. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही; भगवंतरावांबरोबर हिंडून मला मात्र दुपट्ट्याच्या हालचालीवरून अंदाज येतो.

रहमतुल्लाभाईंनी जन्मात बगीचा पाहिलेला नाही. एका बुजुर्ग माणसानं आपल्या हातावर कापड टाकून बोटं धरली, याचा त्यांनी लावला तो अर्थ सरळ होता. या देवमाणसानं पोरीला माफ केलं. त्यांचं मन भरून आलं. त्यांच्यात मनापासून मुसाफा करायचा, म्हणजे हात मिळवायचा, तर दोन्ही हातांनी करतात. त्यांनी डावा हातही दुपट्ट्याखाली घातला आणि भगवंतरावांचा पंजा दोन्ही तळव्यांत घट्ट धरला.

भगवंतराव दचकले. "दुप्पट?"

रहमतुल्लाभाईंना शब्द ऐकू आला नाही. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

भगवंतरावांनी हात सोडवला आणि पुन्हा बोटं धरली, या वेळी एक जास्त. रहमतुल्लाभाईंनी पुन्हा दोन्ही हातांनी घट्ट, वर एक हुंदका. भगवंतरावांनी आणखी वाढवलं. पुन्हा तेच. असा कडक विकणारा त्यांना कित्येक वर्षांत भेटला नव्हता. मिशीखाली हसू फुटायला लागलं. शेवटी एकदा त्यांनी पुरा पंजा दाबून धरला, आणि रहमतुल्लाभाईंना नेमकं तेव्हाच शिंक आली म्हणून त्यांनी हात काढून घेतला.

"झाला सौदा," भगवंतराव म्हणाले आणि दुपट्टा खांद्यावर टाकला. "संत्र्याचेच पाहिजे. सगळे. दुसरं काही नको." मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात, कौतुकानं, "बाप पोरीच्या वर निघाला. दिसते मऊ, पण हलता नाही हालला."

ते स्कूटरपाशी गेले. मी मागे राहिलो, आणि आता शपथ संपली असं समजून रुबीनाला आणि रहमतुल्लाभाईंना सगळा कायदा उलगडून सांगितला. छानचा अर्थ, कडूचा अर्थ आणि दुपट्ट्याखाली काय झालं तेही. रुबीना टोपलीशेजारी मटकन बसली आणि ओढणीत तोंड घालून हसायला लागली; रडतही होती बहुतेक, वरून सांगता येत नव्हतं. रहमतुल्लाभाई आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहत राहिले.

"म्हणजे मी भाव वाढवला?"

"कार्डापेक्षा बराच वर गेलात."

"तौबा," ते म्हणाले. "जाऊन सांगा त्याईले. असं नाही चालत."

"अब्बू, सांगू नका," रुबीना डोळे पुसत म्हणाली. "आबाजीले वाईट वाटीन. वरच्या पैशाचे मी जास्तीचे कपकेक घालते."

अकोल्याला साक्षगंध थाटात झालं. जास्तीचे कपकेक इतके होते की बँडवाल्यांनाही दोन-दोन मिळाले. फक्त एक प्रसंग घडता घडता राहिला. नवरदेवाचे आजोबा रामराव हे बार्शीटाकळीकडचे, तुरी-कपाशीचे शेतकरी, सरळ माणूस. त्यांनी कपकेक खाल्ला आणि भगवंतरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लय छान आहे बावा."

भगवंतरावांचा रंग उतरला. मला मंडपाच्या कनातीमागे ओढलं. "किशोर, ऐकलं का? छान म्हणते. सोयरिक मोडते वाटते."

"काकाजी, बार्शीटाकळीकडे छान म्हणजे छानच राह्यते."

"काही सांगू नको मले."

रामरावांनी ताटलीतून तिसरा उचलला तेव्हा कुठे त्यांचा जीव खाली पडला. तरी जेवताना त्यांनी रामरावांची खात्री करून घेतलीच. तुमच्याकडची तूर शिजत नाही म्हणतात, खरं का? रामराव उसळून उठले. मग दोघं पान खाईपर्यंत भांडत होते आणि भगवंतरावांना गाढ समाधान झालं.

साक्षगंधानंतरच्या जुम्म्याला मी नमाजानंतरच्या वेळेला मुद्दाम बेकरीत गेलो. उष्टी नाही, एक अख्खा चॉकलेट कपकेक खायचा होता, आणि खरं म्हणजे पुढे काय झालं हे कळल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. अकोल्याहून दोन बारशांच्या आणि एका डोहाळजेवणाच्या ऑर्डरी आल्या होत्या, सगळ्या संत्र्याच्या. रहमतुल्लाभाई समोरच्या दुकानाच्या मधोमध उभे होते. इस्त्रीचा कुर्ता, डोळ्यात सुरमा. मला पाहून म्हणाले, "बरे आले किशोरभाऊ. तुमच्यासमोर बोलतो." मग मुलीकडे वळून, शब्द जुळवत, "रुबीना, बेटा. आजपासून समोरचं दुकान तुझं. मी टोस्टसाठी बोळीकडून नवीन दार पाडतो, फरशी टाकतो. शब्द दिला होता, देऊन राहिलो."

मला वाटलं आता गळ्यात पडेल. रुबीनानं ॲप्रनला हात पुसले, सावकाश दुकानभर नजर फिरवली.

"जागा अरुंद आहे," ती म्हणाली.

रहमतुल्लाभाईंनी दुकानाची रुंदी डोळ्यांनी मोजली.

"उजेड कमी आहे. शटर लय वाजते. इकडच्या भिंतीले ओल येते, रंग टिकत नाही. अन् पंखा तं काय, त्याच्यापेक्षा मी वहीनं वारा घेतला तं जास्त लागते."

बिचाऱ्या बापाचं तोंड एवढंसं झालं. ते माझ्याजवळ सरकले आणि कानाशी म्हणाले, "भाऊ, नाही म्हणून राहिली का ते?"

"नाही हो," मी म्हटलं. "घेऊन राहिली."

त्यांना खरं वाटेना. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती शोकेस पुसत होती, आमच्याकडे पाठ करून, पण खांदे हलत होते. मग आयुष्यात पहिल्यांदाच रहमतुल्लाभाईंनी दुकानात आवाज चढवला.

"पंख्याले काय झालं? माया अब्बूच्या वेळचा आहे तो. तुलेच गरमी जास्त होते."